आर्व्होकाकाचं नाक

ऐक ना, हातातलं ते खाली ठेव आणि नुसतं ऐक. मधे मधे ‘मग? मग?’ करू नकोस, माझा धागा तुटतो.

सायमी आठवते ना, ऐनारची मुलगी, टपालाची गाडी चालवते ती? तिनं या मोसमात पहिलं हरीण पाडलं. पाडलं ते पाडलं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्याच सख्ख्या काकानं, आर्व्होकाकानं, सगळ्यांदेखत सांगून टाकलं की मांस गेलंय, फेका!

आता आर्व्होकाका म्हणाला म्हणजे संपलंच. त्या शिकारीच्या कॅम्पवर त्याला नावानं कोणी हाकच मारत नाही. ‘नाक आलं का?’, ‘नाकाला विचारा’, असंच चालतं. फार वर्षांपूर्वी शेजारच्या कॅम्पनं मोठ्या प्रेमानं हरणाची अख्खी मांडी पाठवली होती. काकानं एकदा हुंगली आणि उचलून थेट बर्फात भिरकावली. सगळे त्याच्यावर केवढे चिडले, एवढं तोंडाशी आलेलं मांस! आणि रविवारी सकाळी बातमी आली की शेजारचा अख्खा कॅम्प पोट धरून संडासाच्या रांगेत उभा आहे. झालं, तेव्हापासून तो कायदाच झाला. आडव्या लाकडी बल्लीला हरीण टांगलं की काका येणार, त्या हनुवटीपर्यंत उतरलेल्या झुपकेदार मिशा सावरणार, हरणाच्या पोटाच्या पोकळीत डोकं घालणार आणि बाहेर येऊन एकच शब्द बोलणार. ‘चालेल’ नाहीतर ‘फेका’. त्याच्यावर अपील नाही.

पण सायमीचा जीव अडकला होता तो मांसापेक्षा शर्टात. थांब, शर्टाचं सांगते.

तू त्या कॅम्पची भिंत पाहिली नाहीस ना? अगं, नुसत्या शर्टांच्या शेपट्या! नेम चुकला, काप शेपूट. जखमी केलेलं हरीण हरवलं, काप शेपूट. चांगलं मांस हलगर्जीपणानं वाया घालवलं, मग तर काहीच बोलायचं नाही, वळायचं आणि उभं राहायचं. मागून शर्टाचा खालचा भाग कचाकच कापतात, भिंतीवर खिळ्यानं ठोकतात आणि वर कोळशानं नाव लिहितात. आजोबा, पणजोबा, पाद्री, एक डॉक्टर, सगळे आहेत तिथे. नाही तो फक्त ऐनार. लाल-काळ्या चौकटींचा तो जाड लोकरी शर्ट जन्मभर वापरला त्यानं, पण त्याला कधी कात्री लागली नाही.

कॅम्पवर स्वयंपाक करणारा म्हातारा हिल्मर, ऐनारचा जिवाभावाचा मित्र, त्याला चिडवायचा, “अरे, चुकायला आधी गोळी झाडावी लागते! हा नुसता झाडाखाली बसतो आणि माझी कॉफी संपवतो.” ऐनार हसायचा आणि मुद्दाम सगळ्यांसमोर शर्ट विजारीत नीट खोचायचा.

मागच्या हिवाळ्यात तो गेला. या वर्षी त्याची झोपायची फळी सायमीला मिळाली. निघताना तिनं तोच शर्ट चढवला, बाह्या दोनदा दुमडून. आई दारात आली, मागून शर्टाची कड ओढून सरळ केली. मग म्हणाली, “धड परत आण.” एवढंच. आता सांग, तिनं तो शर्ट कात्रीखाली कसा जाऊ द्यायचा?

आणि नशीब बघ, कॅम्पवर पोचली ती सर्दी घेऊनच. नाक असं चोंदलेलं, की हिल्मरचे ओले मोजे तिच्या उशाशी वाळत होते तरी हिला पत्ता नाही!

तर झालं काय, दुपार उतरायला लागली होती. सायमी दलदलीच्या कडेला बापाच्या जागेवर बसलेली. समोरून एक मादी गेली आणि तिच्या मागे हा नर. काय देखणा, म्हणे! मान फुगलेली, माजावर आलेला, अंगावर चकाकी, चाल सरळ, डोकं वर. कुठे लंगडणं नाही, झोकांड्या नाहीत, हाडं वर आलेली नाहीत. बापानं तिला एवढं एकच पढवलं होतं, ‘पोरी, मांस आधी जिवंतपणी बघायचं. जे नीट चालत नाही, त्याच्यावर बंदूक उचलायची नाही.’ हा नीट चालत होता. तिनं श्वास सोडला आणि चाप ओढला.

नर उडाला आणि देवदारांत शिरला. लागल्याची खूण होती, लाल, फेसाळ रक्त, म्हणजे फुप्फुसात बसली. आता जरा थांबायचं आणि माग काढायचा, की तेवढ्यात मोठ्या तळ्यावरून बर्फाचा असा लोंढा आला की हात पुढे केला तर हात दिसेना. रक्त पुसलं, पावलं पुसली. ही वेडी तशीच पुढे निघालेली, गोळीचा आवाज ऐकून आलेल्या आर्व्होकाकानं मागून बखोट धरलं.

“काका, सोड! इथेच कुठे तरी पडलाय तो.”

“पडलाय ना, मग पळून कुठे जातोय? खाली दलदल आहे, वरचा बर्फ अजून कच्चा. एका हरणापायी पोरगी घालवू का? ऐनार वर बसून माझी मान मोडेल.”

काका चुकत नव्हता गं. पण सायमीची रात्र कशी गेली ते तूच समज.

उजाडल्या उजाडल्या गेले. काका, काकाचा मुलगा काइल आणि सायमी. आणि सापडला! देवदारांच्या पलीकडे, उघड्यावर, गोठलेल्या डबक्यावर. वाऱ्यानं तिथला भुरभुरीत बर्फ उडवून नेला होता, त्यामुळे अंगावर जेमतेम चादरीएवढा थर. मागचा भाग तर डबक्याच्या बर्फाला असा चिकटलेला, की हलेचना. काइलनं शिंगं धरली, काकानं मागचे दोन्ही पाय सांध्यापाशी कवटाळले, “ओढ रे! जेवतोस तेवढं तरी ओढ!”, आणि कर्रकन् आवाज होऊन दोघंही आडवे! थंडी एवढी, की काकाचा श्वास त्याच्या मिशीतच गोठत होता. बर्फाच्या काड्या लोंबायच्या, हातमोज्यानं पुसायच्या, पुन्हा ओढायचं.

पोट तिथेच सायमीनं उघडलं. काकानंच सांगितलं, ‘जिचं हरीण तिचा सुरा.’ पोट रात्रभरात जरा फुगलं होतं, म्हणजे आत ऊब राहिली असणार. पण गोळी फुप्फुसांतूनच गेली होती, आतडी फुटली नव्हती. काळीज हातात घेऊन बघितलं, गुळगुळीत, एक डाग नाही. मग ओढत ओढत कॅम्पवर आणलं, बल्लीला टांगलं, आणि सगळे शेकायला आत गेले.

आत हिल्मर तयारच. कॉफी आणि त्याचा तो वेलदोड्याचा पाव. त्या पावासाठी माणसं लग्नं मोडतील, खोटं नाही. आणि काका काय करतो? एक घोट घेतो आणि तोंड वेडंवाकडं.

“हिल्मर, कॉफीत काय उकळलंस? तुझे मोजे?”

“काय झालं माझ्या कॉफीला?”

“काय झालं ते तू सांग.” मग पाव उचलला, तोंडापाशी नेला आणि टेबलाखाली पिपुरीला देऊन टाकला. वेलदोड्याचा पाव! कुत्रीला! हिल्मर एवढा दुखावला की पाठ करून भांडीच घासायला लागला. पिपुरीनं पाव गिळला आणि काकाच्या मांडीवर पाय ठेवून त्याच्या तोंडाकडे झेपावायला लागली. “हट्! आज काय झालंय हिला?” म्हणत काकानं तिला ढकललं.

मग सगळे बाहेर आले. निकाल. दुपारी शेजारचे दोन्ही कॅम्प जेवायला येणार होते, मोसमातल्या पहिल्या हरणाचा रस्सा, मोयाक्का, म्हणजे सगळ्यांना आमंत्रण असतंच, तुला माहीत आहे. चुलीवर मोठ्या हंड्यात रस्स्याचं पाणी चढलेलं, बटाटे सोललेले. फक्त मांसाची वाट.

काकानं मिशी सावरली. पोकळीत डोकं घातलं. बाहेर काढलं. पुन्हा घातलं. असं तो कधीच करत नाही. मग सायमीकडे न बघता म्हणाला,

“फेका.”

काइल पुढे झाला, त्यानंही हुंगलं. “हो, येतोय जरासा,” म्हणाला. आता बापानं फेका म्हटल्यावर ह्याला येणारच! हिल्मरला विचारावं, तर तो चाळीस वर्षं पाइप ओढतोय, त्याला धुराशिवाय वास माहीत नाही. आणि सायमीचं नाक बंद. म्हणजे बघ, अख्ख्या कॅम्पवर चालणारं नाक एकच, आणि ते म्हणतंय फेका!

काइल हसत हसत आत गेला आणि खिळ्यावरची कात्री घेऊन आला. “चला बाई, वळा. नियम म्हणजे नियम.”

“कात्री ठेव,” काका त्याच्यावर खेकसला. मग हळूच, “सायमी, मला काय हौस आहे का? पण मांसात शंका आली की फेकायचं. ऐनारनंही फेकलं असतं.”

हे लागलं गं तिला. कारण खरंच होतं ते. ऐनारनं फेकलंच असतं, शर्टासाठी तीस माणसांच्या पोटाशी खेळला नसता तो. आणि पोट फुगलेलं तिनं स्वतः बघितलं होतं. क्षणभर तिला वाटलं, जाऊ दे, वळावं आणि उभं राहावं. पण हात आपोआप मागे गेला, शर्टाची कड चाचपली. आणि ती म्हणाली,

“फेकू. पण आधी मला दाखव, कुठे गेलंय.”

“अगं, तुझं नाक बंद. बघणार कशानं?”

“डोळ्यांनी. हातांनी.”

“कानही लाव,” काइल म्हणाला, “मांस बोलेल काहीतरी.”

“तुझ्यापेक्षा शहाणंच बोलेल,” सायमी म्हणाली आणि तिनं बाह्या आणखी वर सरकवल्या.

तिनं आतूनच सुरुवात केली. पाठीच्या कण्याला आतून चिकटलेल्या मांसाच्या दोन लांब पट्ट्या असतात ना, सगळ्यांत मऊ, ज्यांच्यावर सगळे टपलेले असतात? त्या रात्रभर आतड्यांना लागून होत्या. तिनं बोट फिरवलं. बुळबुळीत. कडेला हिरवट झाक. काइल ओरडला, “बघा! म्हणजे गेलंय!”

सायमीनं दोन्ही पट्ट्या मुळापासून कापल्या, आजूबाजूचाही चांगला जाड भाग तासला आणि सगळं लांब कावळ्यांकडे फेकलं. “हे गेलंय. म्हणून फेकलं. आता बाकीचं बघते.”

हिल्मर दारातून बघत होता. त्यानं काइलच्या हातातली कात्री काढून घेतली आणि आपल्याच खिशात टाकली.

मग तिनं बरगड्यांवर तळहात दाबला. कोरडं, घट्ट, हाताला चिकटत नाही. खांदा उघडला, हाडापर्यंत चिरला. लाल. पण खरी परीक्षा मांडीत होती, हे तिला ठाऊक होतं आणि काकालाही. सगळ्यात जाड जागा ती. लोकांना वाटतं, बाहेर एवढा बर्फ आहे, हरीण रात्रभर पडलं तर काय बिघडलं? पण बर्फ गोधडीसारखा असतो, आतली ऊब धरून ठेवतो. वरून दगडासारखं गार आणि आत खुब्याच्या हाडापाशी मांस कुजत बसलेलं, असं होतंच होतं. शेजारच्या कॅम्पच्या त्या मांडीचं तेच झालं होतं.

काका जवळ आला. “खुब्यापाशी चीर. हाड दिसेपर्यंत.”

“तेच करतेय.”

सुरा आत गेला. आता राखाडी, पाणचट मांस निघालं असतं, बुडबुडे दिसले असते, तर सगळं संपलं होतं, आणि मग तिला स्वतःलाच ते फेकावं लागलं असतं. तिनं चिरलेला भाग दोन्ही हातांनी फाकवला.

गडद लाल. कोरडं. खुब्याचा गोळा मोत्यासारखा पांढरा, सांध्यातलं पाणी स्वच्छ. अंगठ्यानं दाबलं तर मांस परत वर आलं. आणि गार म्हणजे किती गार, बोटं दुखायला लागली! तिनं दुसरी मांडीही चिरली. तीही तशीच.

“काका, बघ! मागचा भाग अख्खी रात्र डबक्याच्या बर्फावर होता. तूच नाही का उपटलास? वरून गोधडी नव्हतीच, वारा होता. खालून सगळी ऊब बर्फानं ओढून घेतली!”

काकानं बघितलं. अंगठा दाबला. त्याचा चेहरा जरा सैल झाला, आणि तो खरंच मनापासून वाकला, नाक चिरेपाशी नेलं... आणि पुन्हा चेहरा आंबला.

“दिसायला सुरेख आहे पोरी. पण वास आहे. इथेही आहे. उलट जास्तच.”

आता काय करशील! डोळे सांगतात चांगलं, नाक सांगतं गेलं. आणि नाक खोटं बोलणारं नाही, आर्व्होकाका तसला माणूस नाही. सायमी सुरा धरून तशीच उभी. आणि तेवढ्यात ती पिपुरी! समोर अख्खं हरीण टांगलेलं, रक्त ठिबकतंय, कुठल्याही कुत्र्यानं तिकडे धाव घ्यावी ना? ही बया पुन्हा काकाच्याच अंगावर उड्या मारतेय, त्याच्या तोंडाकडे!

सायमीनं कुत्रीकडे बघितलं. मग काकाकडे.

“काका, सकाळी कॉफीला कसला वास येत होता?”

“कॉफीचं काय आता मधेच?”

“सांग ना. कसला?”

“असला म्हणजे... उग्र. बोकडासारखा.”

“आणि पावाला?”

काका बोलायला गेला आणि थांबला. मिशीखालचं तोंड तसंच उघडं. “...तसाच.”

“माझ्या पावाला?” हिल्मर दारातून गरजला. “बोकड?”

“हिल्मर, थांब जरा. काका, डोळे मीट.”

“कशाला?”

“नाकाला डोळे कशाला लागतात? मीट!”

काइल खी खी करायला लागला. काकानं डोळे मिटले, कारण भित्रा म्हटलेलं त्याला आवडत नाही. सायमीनं मांडीचा तुकडा कापून नाकाखाली धरला.

“फेका,” काका म्हणाला.

खांद्याचा तुकडा धरला.

“फेका.”

मग ती चार पावलं बाजूला गेली, जिथे कोणाचा पाय पडला नव्हता तिथून ओंजळभर कोरा बर्फ उचलला आणि हळूच त्याच्या मिशीपाशी आणला.

काकानं हुंगलं आणि डोकंच मागे घेतलं. “शी! हा तर सगळ्यांत सडका! हा कुठला काढलास?”

“आभाळातून!”

काकानं डोळे उघडले. समोर पांढराशुभ्र बर्फ. काइल अक्षरशः जमिनीवर लोळत होता, हिल्मर दाराला धरून खोकत होता, आणि काका कधी बर्फाकडे बघतोय, कधी सायमीकडे.

“काइल, उठ! चुलीवर काकाचे हातमोजे वाळत असतील ते आण.”

काइल आत गेला आणि आतूनच ओरडला, “बाप रे!” एका बोटावर, अंगापासून लांब धरून मोजे बाहेर आणले. चुलीच्या उबेनं ते मोजे असे काही दरवळायला लागले होते, की सायमीच्या बंद नाकातसुद्धा काहीतरी शिरलं! तळवे काळे, चिकट. अगं, माजावरचा नर मागच्या पायांच्या सांध्यापाशी आतून केसांचा काळा पुंजका असतो त्यावर सारखा मुतत असतो, माद्यांना कळावं म्हणून. एरवी सगळे तिथे हात लावायचं टाळतात. पण त्या सकाळी काकानं हरीण बर्फावरून उपटताना नेमकं तिथेच कवटाळलं होतं. आणि त्याच हातमोज्यांनी मिशीतला बर्फ पुसला होता! मग सुरा धरताना सगळ्यांनी हातमोजे काढले, हात धुतले, सगळं नीट केलं. मिशी कोण धुतो?

“म्हणजे,” काका सावकाश म्हणाला, “सकाळपासून मी मलाच हुंगतोय?”

“आणि शिव्या मला!” हिल्मर म्हणाला. “बस त्या ओंडक्यावर.”

सूड घ्यावा तर हिल्मरनं. भांडी घासायचा साबण, सौनातलं, त्या वाफेच्या न्हाणीतलं, कढत पाणी आणि घोड्याचा खरारा! मिशी अशी घासली अशी घासली, की काका म्हणे, “अरे, दात निघतील!” तर हा म्हणतो, “पाव कुत्रीला दिलास ना, दात हवेत कशाला?”

मग काका उठला. तोंड लाल, मिशी ओली, पण चेहरा पुन्हा कोर्टासारखा. कोणी हसलं नाही आता. त्यानं आधी कोरा बर्फ हुंगला. मान हलवली. मग हरणाच्या पोकळीत डोकं घातलं. बराच वेळ. मग एक मांडी, दुसरी मांडी, खांदा. जिथून पट्ट्या कापल्या होत्या तिथे परत गेला, सायमीला म्हणाला, “इथलं आणखी बोटभर तास,” आणि तिनं तासलं. पुन्हा हुंगलं.

काका सरळ झाला.

“चालेल,” म्हणाला. मग थोडं थांबून, “चालेल काय, उत्तम आहे! हिल्मर, हंडा तयार आहे ना?”

अगं, काय आरडाओरडा झाला! काइलनं तर सायमीला उचललंच, आणि ती ओरडतेय, “शर्ट! शर्ट फाटेल!”

दुपारी शेजारचे दोन्ही कॅम्प आले. हिल्मरनं मोयाक्का असं शिजवलं होतं, की मांस चमच्यानं तुटत होतं. बटाटे, गाजरं, मिरी, वरून जाड साय. सायमीला चव काही कळत नव्हती, सर्दीच ना, पण ती म्हणते तिनं तसलं काही जन्मात खाल्लं नाही. एक म्हातारा, त्याच त्या संडासाच्या रांगेतला, पहिला घास घ्यायच्या आधी दबक्या आवाजात विचारतो, “नाकानं पास केलंय ना?” तर काका ताठ मानेनं म्हणाला, “माझ्याआधी हिनं केलंय.” आणि पुढे सगळी गोष्ट स्वतःच सांगितली, मिशीसकट, ओंजळभर बर्फासकट. काही लपवलं नाही. शेवटी हंडा खरवडायला दोन माणसं भांडली. आणि रविवारी सकाळी संडासाकडे चिटपाखरू नव्हतं!

पण थांब, हिल्मरच्या खिशात अजून कात्री होती ना.

हंडा रिकामा झाल्यावर काका उठला. म्हणाला, “आज चांगलं मांस मीच फेकायला निघालो होतो. मग नियम मलाही.” त्यानं हिल्मरकडून कात्री घेतली, मूठ सायमीकडे करून दिली आणि वळून उभा राहिला. सगळे बघतात तर काय, कापायला शेपूट आहेच कुठे? इतक्या वर्षांत इतक्यांदा नेम चुकलेला माणूस तो, त्याच्या प्रत्येक शर्टाचं मागचं सगळं आधीच भिंतीवर! शर्ट कमरेलासुद्धा पुरत नव्हता.

“आता काय कापू?” सायमीनं विचारलं.

कोणीतरी मागून म्हणालं, “गुन्हा शर्टानं केलाच नाही मुळी!”

सगळ्यांच्या नजरा एकाच जागी गेल्या. काकाचा हात मिशीवर गेला. काकूला मागणी घातली तेव्हापासूनची मिशी ती. मग त्यानं हात खाली घेतला, ओंडक्यावर बसला, डोळे घट्ट मिटले आणि म्हणाला, “काप. ऐनार बघतोय.”

आणि तिनं कापली! पण एकच बाजू! कचकन्! दुसरी तशीच ठेवली, म्हणाली, “ही पुढच्या मोसमासाठी.” आता तो झुपका लाल दोऱ्यानं बांधून भिंतीवर ठोकलाय, वर कोळशानं लिहिलंय ‘नाक’. काका अर्ध्या मिशीनं मोसमभर फिरतोय, चर्चमध्येसुद्धा, आणि कोणी विचारलं की अभिमानानं सांगतोय, पुतणीनं कापली म्हणून. आणि सायमी घरी आली, आईसमोर पाठ करून उभी राहिली. आईनं शर्टाची कड धरून बघितली, या टोकापासून त्या टोकापर्यंत, आणि हसली.

मी तर म्हटलं, मी दोन्ही बाजू उडवल्या असत्या! तू बोल, कात्री तुझ्या हातात असती तर तू काय केलं असतंस?